अहिराणी लिनक्सला कुलूप नाही

मी, कोकिळा रतिलाल पाटील, वय ७१, राहणार अमळनेर, जिल्हा जळगाव, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोक्याबद्दल डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण माझा मुलगा जितेंद्र याला शंका आहे.

१. राहते घर जितेंद्रला. पुढची खोली मात्र सून मेघाची. दीपनगरच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाल्यापासून मी तिथे बायकांसाठी संगणकवर्ग चालवते, तो तिने चालवावा. खोली मोबाइलच्या दुकानाला द्यायचा जितेंद्रचा विचार मला ठाऊक आहे. तो त्याने मनातच ठेवावा.

२. बँकेतली ठेव दोघांना समसमान.

३. शेजारी भाईदास यांना माझा सर्वांत जुना संगणक. "बाईमाणसाला खोक्यातलं काय कळतं?" असे ते चारचौघांत म्हणाले होते. हे खोके भंगारात निघाले होते. मी त्यात लिनक्स घातले, ते आजही पळते. भाईदासभाऊंनी ते रोज पुसावे.

४. वर्गाच्या पहिल्या दिवशी सांगते ते इथे लिहिते, कारण जितेंद्र वर्गाला कधी बसला नाही. संगणकाचा सगळा कारभार पाहते ती ऑपरेटिंग सिस्टिम. लिनक्स ही जगभरच्या लोकांनी मिळून केलेली. ती कोणीही उघडून पाहावी, सुधारावी, दुसऱ्याला द्यावी. देताना तीच मोकळीक पुढे द्यावी, एवढीच अट. शेजारच्या भिकुबाईने मला खापरावरचे मांडे शिकवले तेव्हा तिनेही हीच अट घातली होती, "दुसरीले शिकाडजो."

जितेंद्र म्हणतो, "आई, फुकटाला किंमत नसते." ज्या अँड्रॉइड फोनवर तो हे बोलतो त्याच्या पोटात लिनक्सच आहे. इंटरनेटचे बहुतेक सर्व्हर आणि जगातले सर्वांत ताकदवान संगणकही त्यावरच चालतात. पण घरकी मुर्गी दाल बराबर!

५. राहिली अहिराणी लिनक्स. पडद्यावरची प्रत्येक पाटी वर्गातल्या बायकांनी आणि मी अहिराणीत केली, एकेका शब्दावरून भांडत. पहिल्यांदा पाहून भिकुबाई ओरडली, "आवं, हाई ते आपली बोली शे!" मला रडू आवरले नाही.

धुळ्याचे क्लासवाले प्रेमराज यांना ती स्वतःच्या नावाने, कुलूप लावून विकायची आहे. माझ्यामागे ती त्यांना देण्याचा शब्द जितेंद्रने देऊन ठेवला आहे. म्हणजे भिकुबाईने आपलीच बोली परवानगी मागून वापरायची!

म्हणून ती मी कोणालाच ठेवत नाही. गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावातल्या लेकी माहेरी आल्या होत्या तेव्हा, त्यांच्यासमोर ती सोर्स कोडसह, लिनक्सच्याच मोकळ्या परवान्याखाली, सर्व बायकांच्या नावांनिशी इंटरनेटवर टाकली. धुळ्यापासून सुरतेपर्यंत लोकांनी उतरवून घेतली आहे. प्रेमराज यांनी खुशाल विकावी. कुलूप लावता येणार नाही, नावे पुसता येणार नाहीत.

जितेंद्र, तुझा शब्द मी मोडला. मला त्याचे वाईट वाटत नाही, तू दुखावशील याचे वाटते. घर माझे होते, ते तुला दिले. ही माझ्या एकटीची कधी नव्हतीच, तुला कुठून देऊ? हवी तर उतरवून घे. तुलाही कोणी अडवणार नाही.

हे मी स्वतः वाचून, साक्षीदारांसमोर सही केली; त्यांनी माझ्यासमोर केली.

सही: कोकिळा रतिलाल पाटील

साक्षीदार:
१. भिकुबाई लोटन महाजन, अमळनेर
२. रूपाली अभिमन सोनवणे, भुसावळ

स्थळ: अमळनेर
दिनांक: १२ ऑक्टोबर २०२५