सहाशे बारावं पान

प्रिय दादा,

तुझा पत्ता बदलला नसेल असं धरून लिहितेय. बाबांची नजर आता पुरतीच गेली. उजेड कुठल्या बाजूला आहे तेवढं कळतं, म्हणून खुर्ची खिडकीकडे करून बसतात. दुपारी ग्रंथालयातून सुटले की मी त्यांना वाचून दाखवते. सध्या रशियन क्रांतीवरची नऊशे पानांची कादंबरी चालू आहे. पहिले दोन दिवस बाबांची नुसती कुरकुर. "एकेकाला तीन-तीन नावं! यांचा फोरमन हजेरी कशी घेत असेल गं?" मग त्यांनीच टोपणनावं ठेवली: दाढीवाला, खोकणारी, उंच टोपी.

त्या पुस्तकात सारखा बर्फ पडतो, दादा. वाचता वाचता आपल्या खोलीतही पडायला लागतो. बाहेर रणरणतं ऊन आणि माझी बोटं गार. स्टेशनात अडकलेल्या गाड्या, पावासाठी लागलेल्या रांगा, ओस पडलेला राजवाडा. परवा बाबा म्हणाले, "खिडकी लाव, वारा येतोय." खिडकी बंदच होती. मी उठून नुसता कडीचा आवाज केला. कधी वाटतं, त्या रांगेत तूही कॉलर वर करून उभा आहेस, फक्त वळून बघत नाहीस.

गेल्या मंगळवारी सहाशे बाराव्या पानावर आलो. तिथे एक स्टेशनमास्तर आहे. त्याचा मुलगा संपाची पत्रकं वाटतो. अधिकारी चौकशीला येतात, तेव्हा मास्तर स्वतःच मुलाचं नाव सांगून मोकळा होतो. मी पान उलटणार तोच बाबा म्हणाले, "थांब." हातातला चहा खाली ठेवला. मग म्हणाले, "आमच्या छापखान्यात हेच झालं. पत्रक कुणी छापलं असं मालकांनी विचारलं, आणि मी तुझ्या दादाचं नाव सांगितलं."

अकरा वर्षं आपण छापखान्यातल्या दुसऱ्या मशीनवाल्याला दोष देत आलो, तुझं नाव त्यानंच फोडलं म्हणून. तू त्याची मैत्री तोडलीस, त्याच्या बहिणीशी ठरलेलं लग्न मोडलंस आणि गाव सोडलंस. बाबा सगळं बघत होते. मी विचारलं, "का?" म्हणाले, "नाव कळलं नाही तर सगळ्यांनाच कामावरून काढणार होते. आणि खरं सांगू? राग आला होता. मला न विचारता, माझ्याच मशीनवर!" दोन दिवस मी पुस्तकाला हात लावला नाही, त्यांच्याशी बोललेही नाही. तिसऱ्या दिवशी भिंत चाचपत स्वयंपाकघरात आले. "त्याला लिही. सावरून घेऊ नकोस."

म्हणून हे पत्र. बाबांनी माफी मागितलेली नाही. तो हक्क मला नाही, असं म्हणाले. ये, असंही म्हटलेलं नाही. काल मात्र माझा हात धरून ते मशीनवाल्याच्या घरी गेले. दार उघडून तो त्यांना हाताला धरून आत घेऊन गेला. मी पायरीवर बसून राहिले. आत काय बोलणं झालं, मला ठाऊक नाही. त्याच्या बहिणीनं पाणी आणून दिलं, शेजारी बसली आणि हळूच विचारलं, तू कसा आहेस. मला काही सांगता आलं नाही, दादा. तेवढं तूच तिला कळव.

तुझीच,
धाकटी