पूजलेलं पाणी

सिरसाळा,
भाद्रपद वद्य पंचमी

तीर्थरूप सुंदररावमामांच्या चरणी भाचा आसाराम याचा दंडवत. आपली शुगर, मामींचे गुडघे आणि कडा गावातलं आपलं वजन, तिन्ही जागच्या जागी असतील अशी आशा करतो. आमचं म्हणाल तर सगळे खुशाल आहोत, फक्त ओले आहोत.

पत्रास कारण आपली दूरदृष्टी. दुष्काळात अख्खं गाव टँकरच्या मागे पळत होतं तेव्हा आपण सहकारी गृहनिर्माण संस्था काढलीत, गावाबाहेरचा कोरडा ओढा मुरमाने भरून त्याचे प्लॉट पाडलेत आणि वसाहतीला 'जलसमृद्धी' नाव दिलंत. (कमानीवर ते नाव रंगवायला पाणी शेजारच्या गावाहून आणलं होतं.) "ह्या वढ्याला आता कशाचं पानी येतंय," असं आपण म्हणालात आणि मी घर बांधलं. आपला प्लॉट मात्र भाव चढेपर्यंत मोकळा ठेवून आपण माझ्या घराला लागून त्याला भक्कम भिंत घातलीत. गेल्या पंधरवड्यातल्या पावसात ओढा आला. त्याला संस्थेचा ठराव कोणी वाचून दाखवला नसावा, कारण तो जुन्याच वाटेने आला, आपल्या भिंतीला धडकला आणि वळून माझ्या स्वयंपाकघरात शिरला.

दुसरं कुठलं गाव असतं तर लोक बादल्या घेऊन धावले असते. आपले लोक नारळ घेऊन आले. साठलेलं पाणी दिसलं की ओटी भरायची, मग ते माजलगावचं धरण असो की माझी मोरी. संस्थेच्या आताच्या चेअरमन मुक्ताबाई यांनी माझ्या उंबऱ्यावर जलपूजन केलं, पाण्याला खण-नारळ वाहिला, भाषण केलं, फोटो काढून घेतले. (मागे तरंगतोय तो आमचा पिठाचा डबा.) मी पाणी उपसायला मोटर लावली तर शेजारचा धुळाजी आडवा आला. "पूजलेलं पानी सोडून देतो का बे? उन्हाळ्यात काय पिशील?" एवढ्यावर न थांबता, पाणी वाया जाऊ नये म्हणून त्याने गटाराच्या तोंडाला वाळूची पोती लावली. भिंतींना ओल चढली, एकीला तडा गेला, आणि वत्सला माहेरी निघाली. जाताना म्हणाली, "पानी गेलं तर सांगा. न्हाईतर घर गेलं म्हणून सांगा."

मग वसाहतीतल्या सरस्वतीबाईंची लेक शिवकन्या आली. वाढत्या गावांतलं पाणी कुठून काढायचं, हेच ती शिकून आलीय. ती म्हणाली, सिमेंटचं गटार नको. ओढ्याला त्याची वाट परत द्या, काठ उतरते करून गवत आणि लव्हाळा लावा, पुढे एक उथळ तळं करा. पाणी तिथे थांबेल, मुरेल, घरं कोरडी राहतील. सभासद लई नाराज झाले. सिमेंट नाही म्हणजे कंत्राट नाही, आणि उद्घाटनाला पाहुण्यांना काय गवत दाखवायचं? पण मुरलेल्या पाण्याने बोअर भरतात हे कळल्यावर धुळाजीसुद्धा तळ्याच्या बाजूने झाला. तळ्याजोगी सखल, मोकळी जागा वसाहतीत एकच आहे. ती कोणाची, हे मी लहान तोंडाने काय सांगावं.

मामींना नमस्कार सांगावा.

आपला आज्ञाधारक,
आसाराम

ता. क. : तरी प्लॉट द्यावा, ही विनंती.

ता. क. दुसरा : हे पत्र टाकायचं राहिलं, तेवढ्यात सर्वसाधारण सभा झाली. गैरहजर सभासदाची संमती धरावी, हा नियम आपणच घातलेला आहे, त्यामुळे आपण एकमताने होकार दिलात. भिंत त्याच दुपारी पाडली.

ता. क. तिसरा : पाणी आता आपल्या प्लॉटात आहे. वत्सला काल परत आली, आमची चूल पेटली. मुक्ताबाईंनी तिथलं जलपूजनही उरकलं. यजमान हवा म्हणून पाटावर आपला फोटो ठेवला होता. (हार घातला नाही, मामींना उगाच घोर नको.) आपणास पाणी उपसायचं असल्यास जरूर यावं आणि धुळाजीशी बोलून घ्यावं.