कोरी चिठ्ठी

सर, तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, आणि आज सकाळी तुमचं अक्षर माझ्यासमोर उभं राहिलं, तेही कॉम्प्युटरवर! आमच्या कॉलेजात पालमची एक पोरगी आहे. संस्कृत झालं, आता तिला तोखारी शिकायची आहे. संस्कृतची लांबची बहीण, कधीच मेलेली, वाळवंटात सापडलेल्या फाटक्या पोथ्यांत तेवढी उरलेली. साधनं काही मिळेनात. मी इथला ग्रंथपाल, म्हणून दोन महिने तिच्यासोबत इंटरनेट धुंडाळलं. आज ती ओरडलीच, "सर, व्याकरण सापडलं! जर्मनमधी हाय, पण कडंला कोणीतरी पेन्सिलीनं मराठीत अर्थ लिहिलेत!"

अरे देवा! मी बघतच राहिलो. शनिवारची सकाळची शाळा सुटली की तुम्ही झरीहून एसटीनं यायचात आणि आमच्या वाचनालयात खिडकीजवळ ते पुस्तक घेऊन बसायचात. एकदा मी चिडलो, "सर, पुस्तकावर लिहू नका असं तुमीच शाळेत शिकवलं ना आमाला?" तुम्ही हसलात. "पुढच्याला सोपं जाईल रे." घरी न्या म्हटलं तर म्हणायचात, "मी न्यायचं आन् त्याच दिवशी कोणी मागायला आलं तर?" तोखारी मागायला परभणीत कोण येतंय, म्हणून मी मनात लय हसायचो.

तुम्ही कधी घरी नेलंच नाही, म्हणून पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेल्या देवघेवीच्या चिठ्ठीवर एकही तारीख पडली नाही. तुम्ही गेल्यावर न वापरलेली पुस्तकं काढून टाकायची ठरली, तेव्हा मी नुसत्या चिठ्ठ्या बघत गेलो. चिठ्ठी कोरी, मारला 'रद्द'चा शिक्का, केली सही. दर शनिवारी तुम्हाला त्याच पुस्तकावर वाकलेलं बघूनही, सर! त्या व्याकरणाचे दोन्ही भाग रद्दीत गेले. पहिला कोणा भल्या माणसानं उचलून इंटरनेटवर टाकला. शब्दकोश दुसऱ्या भागात होता, तो कुठंच नाही.

पोरगी शिक्का मोठा करून बघायली. "कोण नालायक होता हा? सही लागतीय का सर?" मी चष्मा पुसत म्हणालो, "न्हाई बा, लागत न्हाई."

ज्या कोणासाठी तुम्ही पुस्तक घरी नेत नव्हता, ती आली, सर. हे पत्र खरं तर तिच्याच हातात द्यायला पाहिजे. हिंमत होईना, म्हणून खणात ठेवायलोय.