ज्यांनी आपल्याला हरवलं, त्यांच्या बाजूने

सर,

तुम्ही असतात तर ही गोष्ट ऐकून आधी तोंडातली शिट्टी काढून शर्टाला पुसली असतीत, आणि मग पोट धरून हसला असतात. तुमचा लेफ्ट हाफ परवाच्या रविवारी कॉलेज हॉकीची मॅच बघायला गेला होता, आणि तीही हरवणाऱ्यांच्या बाजूने ओरडायला. म्हणजे ज्यांनी माझ्या साहेबांच्या कॉलेजला लीगमध्ये धूळ चारली त्यांच्याच बाकांवर बसून, त्यांच्याच रंगाचा टॉवेल गळ्यात अडकवून. वीस वर्षांपूर्वी तुम्ही हेच केलंत म्हणून मी तुमच्यावर रुसलो होतो. रुसलो हा शब्द फार गोड झाला. मी तुमच्याशी बोलणं टाकलं होतं, आणि ते परत सुरू करायच्या आत उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही गेलात. तेव्हापासून हा वाद माझ्या एकट्याच्या डोक्यात चालू आहे. दोन्ही बाजूंनी मलाच बोलावं लागतं, आणि तुमची बाजू मांडताना मी जरा लबाडी करतो हे मला माहीत आहे. आज ती नीट मांडून बघतो.

मी हल्ली टोकियोत असतो. कॉम्प्युटरच्या कामाला पुण्याहून जी माणसं इकडे आली त्यातलाच मी एक. हिगाशी-कसाईला सहाव्या मजल्यावर घर आहे, खालच्या दुकानात तूरडाळ मिळते, त्यामुळे परदेशात आहोत याची आठवण मुख्यतः कचरा टाकताना येते. कुठल्या वारी कुठला कचरा, यात माझी अजून चूक होते आणि माझी नऊ वर्षांची मुलगी मला रागावते. ती इथल्या शाळेत जाते. मी मराठीत विचारतो, ती जपानीत उत्तर देते, आणि फारच वैतागली की मगच मराठीत बोलते. तिला मी आपल्या मैदानाच्या गोष्टी सांगतो. आपलं मैदान म्हणजे नुसता मुरूम. पडलं की गुडघ्याचं साल निघायचं, तुम्ही त्यावर आयोडीन ओतून "जा, पळ" म्हणायचात. तुम्ही कुणालाच नावाने हाक मारली नाहीत. कॉलेजच्या गेटवर, लायब्ररीत, अगदी माझ्या वडिलांसमोरसुद्धा मी लेफ्ट हाफच होतो. वडील घरी येऊन आईला म्हणाले होते, हा सर आपल्या मुलाला अर्धा म्हणतो.

शेवटच्या वर्षी आपण झोनच्या फायनलला गेलो आणि नदीपलीकडच्या कॉलेजकडून एका गोलने हरलो. तो गोल माझ्या बाजूने झाला. त्यांचा राइट विंगर मला चकवून आत घुसला आणि मी मुरमावर पालथा पडून तो गोल बघितला. हे मी कधी विसरलो नाही, आणि तो विंगर तर नक्कीच विसरला नसणार. दुसऱ्याच दिवशी तुम्ही जिमखान्यात येऊन विचारता, "नाशिकला जायचंय, आंतरविभागीय आहे. कोण कोण येतंय?" आम्हाला वाटलं, तुम्हाला ऊन लागलं. आमचा गोलकीपर हळूच म्हणाला, "सर, पण आपण हरलो." तुम्ही म्हणालात, "म्हणून तर. कालपर्यंत ते त्यांचे होते, आजपासून ते आपल्या झोनचे. तिथे ते पहिल्याच फेरीत आपटले तर लोक म्हणणार, पुण्याचा झोनच पुचाट. मग त्यांच्याकडून हरलेले आपण कोण रे? ते जिंकले तर आपण निदान चॅम्पियनकडून हरलेलो." हिशोब चोख होता. पण माझा हिशोब वेगळा होता. ते जिंकले की माझ्या बाजूने झालेला तो गोल जन्मभर चॅम्पियनांचा गोल म्हणून मिरवणार. हे काही मी बोललो नाही. मी म्हटलं, मला सबमिशन आहे. बाकीच्यांनाही एकदम सबमिशनं आली. तुम्ही एकटेच एसटीने नाशिकला गेलात, आणि मग बातमी आली की हाफ टाइमला तुम्ही त्यांच्या पोरांना स्वतःच्या हाताने लिंबाच्या फोडी वाटल्यात. त्या राइट विंगरलाही. आमची लिंबं, सर. एसटीने जाणं मी पचवलं असतं, लिंबं काही पचली नाहीत.

तर आता इथली गोष्ट. मी ज्या ऑफिसात बसतो तिथे एक काचो आहेत. काचो म्हणजे सेक्शनचे प्रमुख. इथे मोठ्या माणसाला हुद्द्यानेच हाक मारतात. मला ते मुळीच जड गेलं नाही, मी तुमच्या हाताखालून आलोय. इंडिया म्हटलं की बाकी सगळे करी म्हणतात, काचोंनी हॉकी म्हटलं. ते सेंदाईला, उत्तरेकडच्या शहरात शिकले आणि तिथल्या युनिव्हर्सिटीचे गोलकीपर होते. अजूनही कुणी कागद पुढे केला की आधी दोन्ही गुडघे वाकवतात. मागच्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत म्हणाले, "रविवारी कॉलेजांची ऑल जपान मॅच आहे. ओरडायला येता का?" मी विचारलं, तुमचं कॉलेज खेळतंय का. म्हणाले, "छे. आमचं हरलं. ज्यांनी हरवलं ते खेळतायत." मी डबा खाली ठेवला. मी विचारलं, मग तुम्ही कशाला जाताय? ते मला समजावून सांगायला लागले, अर्धं इंग्रजीत, अर्धं जपानीत, की उत्तरेकडून एकच टीम येते, ती पहिल्याच मॅचला हरली तर टोकियोवाले म्हणतील उत्तरेकडे हॉकीच नाही, आणि मग तिच्याकडून हरलेले आम्ही कोण. सर, शब्दाला शब्द तोच. मी म्हटलं, येतो.

मुलीला घेऊन गेलो. बायकोने तिखटमिठाच्या पुऱ्या दिल्या होत्या, त्या काचोंनी ग्राउंडवर पोचायच्या आतच ट्रेनमधून उतरून प्लॅटफॉर्मवर संपवल्या. ग्राउंड बघून तुम्ही खुळावला असतात. हिरवंगार प्लास्टिकचं गवत, आणि मॅचच्या आधी त्यावर पाण्याचे फवारे. खोट्या गवताला खरं पाणी घालतात. कुणाच्या गुडघ्याला एक ओरखडा नाही. आम्ही बसलो ते त्या दुसऱ्या कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्यांमध्ये. काचोंनी वाकून वाकून सगळ्यांना सांगितलं की आम्ही हरलेले सेंदाईवाले आहोत, आज तुमच्यातले. त्यांनीही वाकून आमच्या गळ्यात टॉवेल घातले.

इथे तुम्हाला एका 'ना'ची गोष्ट सांगायला हवी. या भाषेत मला पहिल्यांदा आपलं माणूस भेटलं ते म्हणजे हा ना. ऑफिसात कुणीतरी खिडकीबाहेर बघून म्हणतं "सामुई ना", म्हणजे थंडी आहे ना. संध्याकाळी खुर्चीत मागे रेलून "त्सुकारेता ना", दमलो ना. मला इतका आनंद झाला होता की हे मी पुण्याला फोन करून सांगितलं होतं. तर मॅच सुरू झाली, दहा मिनिटांत यांच्यावर गोल झाला, आणि आजूबाजूचे सगळे एका ठेक्यात ओरडायला लागले, "माकेरू ना, माकेरू ना." मला वाटलं माकेरू म्हणजे हाणा, मारा असं काहीतरी असणार, आणि मागचा ना लाडाचा. हाणा ना. आपल्या मैदानावर असल्या लाडांना जागा नव्हती. मी ना काढून टाकला आणि तुम्ही शिकवलेल्या बेंबीपासूनच्या आवाजात सुरू केलं, "माकेरू, माकेरू." चारपाच वेळा झालं असेल. मग माझ्या लक्षात आलं की बाकी कुणी ओरडत नाहीये. पुढच्या रांगेतल्या माना वळल्या आहेत. काचो टॉवेलात तोंड खुपसून बसलेत. मुलगी माझी बाही ओढते आहे.

"बाबा, यामेते. बंद कर." आणि मग ती स्वच्छ मराठीत म्हणाली, त्यावरूनच प्रकरण गंभीर आहे हे मला कळलं. "अरे, माकेरू म्हणजे हरणार. त्यातला ना म्हणजे नको. ते सगळे हरू नका, हरू नका म्हणतायत. तू एकटाच हरणार, हरणार ओरडतोयस."

सर, मला बाकाखाली जावंसं वाटलं. भर ग्राउंडवर, परक्या भाषेत, एवढ्या लोकांनी गळ्यात टॉवेल घातल्यावर माझ्या तोंडून नेमकं तेच बाहेर पडलं, जे त्या दिवशी मी पुण्यात बसून नाशिकच्या दिशेने म्हणत होतो. मी उठून चारी दिशांना वाकलो. पुढच्या रांगेतले एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ मागे वळून माझ्या मुलीशी काहीतरी बोलले आणि सगळा स्टँड हसला. मी विचारलं, काय म्हणाले? ती म्हणाली, "म्हणतात की काही हरकत नाही. सेंदाईवाल्यांच्या मनातलं कुणीतरी एकदाचं बोललं." काचोंचे खांदे टॉवेलाआड हलत होते, ते रडत नव्हते हे मला तेव्हा समजलं.

त्यानंतर मी ना अगदी दात-ओठ खाऊन म्हटला. आणि मग एक गंमत झाली. त्यांचा लेफ्ट हाफ, काटकुळा पोरगा, समोरच्या राइट विंगरकडून सारखा चकत होता. चकल्यावर तो जसा खाली मान घालून परत पळायचा ते मला बघवेना. मी मराठीतच ओरडलो, "लाइनकडे ढकल त्याला, लाइनकडे." तुमचंच वाक्य. त्याला काय कळणार होतं. पण पुढच्या वेळी त्याने विंगरला बरोबर लाइनकडे ढकललं, बॉल काढून घेतला, पुढे दिला, आणि त्यातूनच बरोबरीचा गोल झाला. मी उडी मारली. ठरवून नाही मारली, पाय आपोआप उचलले गेले. पांढऱ्या केसांच्या गृहस्थांना मिठी मारली, इथे असं करत नाहीत, तरी मारली. मुलगी "हाझुकाशी, हाझुकाशी" म्हणत होती, म्हणजे तिला माझी लाज वाटत होती, पण तीही उभी राहूनच म्हणत होती. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की तुम्ही झोनबिनचं जे सांगितलंत ते आम्हाला पटावं म्हणून. तुम्हाला नुसतं दिसलं असेल की पोरं धापा टाकतायत आणि पिशवीत लिंबं आहेत.

शेवटच्या मिनिटाला पेनल्टी कॉर्नरवर ते हरले. सगळी टीम आमच्यासमोर ओळीने येऊन वाकली. तो लेफ्ट हाफ हमसून रडत होता. काचो सगळ्यांत खाली वाकले आणि सगळ्यांत उशिरा उठले, आणि ते खोटं नव्हतं, सर, त्यांचे डोळे मी बघितले. मग आम्ही स्टेशनकडे निघालो. स्टेशनबाहेर उभ्याउभ्या खायचं एक दुकान आहे, तिथे रताळ्याचे काप पिठात बुडवून तळून देतात. काचोंनी आमच्यासाठी, स्वतःसाठी, आणि वर आणखी एक प्लेट मागवली. कढईकडे बघत ते गुणगुणत होते. मुलीने सांगितलं की ते त्यांच्या कॉलेजचं गाणं म्हणतायत, सेंदाईचं. मी म्हटलं, "काचो, तुम्ही खूश दिसताय." त्यांनी इकडेतिकडे बघितलं. अंगठा आणि तर्जनी एकमेकांजवळ आणून डाळीच्या दाण्याएवढी फट दाखवली. "चोत्तो," म्हणाले. थोडासा. मग आम्ही दोघं एवढे हसलो की मुलीने तिची प्लेट उचलून लांब नेली. कारण ते हरले याचं मलाही तेवढंच बरं वाटलं होतं, सर. गळा बसेपर्यंत ओरडलो होतो, त्या पोरासाठी जीव तुटला होता, आणि तरी तेवढ्या फटीतून आनंद आत आलाच होता.

आणि तिथे, तळणीच्या त्या वासात, मला आपलं कँटीन आठवलं. नाशिकहून तुम्ही परत आलात तो दिवस. ते सेमीफायनलला हरले होते. तुम्ही सगळ्या टीमला कँटीनमध्ये बोलावलं आणि कांदाभजी मागवली, आणि टेबलावर बोटांनी ताल धरून काहीतरी गुणगुणत होतात. तुम्हाला गाता येत नाही हे आम्हाला तेव्हा कळलं. मला वाटलं, तुम्ही आम्हाला पटवायला भजी घालताय. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "त्यांच्या पोरांना घाला, सर, भजी. लिंबं घातलीत तशी." तुम्ही रागावला नाहीत. प्लेट माझ्याकडे सरकवलीत आणि म्हणालात, "लेफ्ट हाफ, भजी गार होतायत." मी उठून चालता झालो. तुमचं माझ्याशी झालेलं शेवटचं बोलणं ते. वीस वर्षं मी धरून चाललो होतो की तुमचं सगळं मन त्यांच्याकडे होतं, आमच्यासाठी काही उरलंच नव्हतं. ते गुणगुणणं कसलं होतं हे मी कधी स्वतःला विचारलंच नाही. तुमच्याही मनात डाळीएवढी फट होती का, सर? मला आता वाटतं की होती. खात्री कोण देणार, पण काचोंना कढईसमोर बघितल्यापासून मला तुमचा राग येईनासा झालाय, आणि एवढ्या वर्षांची सवय गेल्यामुळे जरा चुकल्याचुकल्यासारखं होतंय.

हे पत्र वहीतच राहणार. कुठे धाडू? फक्त एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. त्या दिवशी मी गेटपर्यंत गेलो आणि परत आलो. तुम्ही निघून गेला होतात, टेबलावर कुणी नव्हतं, माझी प्लेट मात्र कुणी उचलली नव्हती. भजी गार झाली होती. मी बसून सगळी खाल्ली.