चार नंबरचं दार

नवी दिल्ली,
४ ऑक्टोबर २०१२

ती. स्व. परसराममामांस,
दुर्गेश्वरीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमच्या कानांनी राजीनामा दिल्यापासून फोनचा काही उपयोग राहिला नाही. मी तब्येत विचारते आणि तुम्ही धानाला पाणी किती झालं ते सांगता. म्हणून आता टपालखात्यावर भार.

बातमी मोठी आहे. आमच्या ऑफिसने मला जमिनीखालच्या मेट्रो स्टेशनचं काम दिलं आहे. गाडी दोन मजले खाली धावणार आणि माणसं चार दारांनी वर चौकात निघणार. पहिली तीन दारं वरिष्ठांनी आधीच ठरवून टाकली आहेत. चौथं माझं. तिथे मी बगीचा केला आहे, मधोमध कारंजं, दगडी बाकं, आणि लोक रस्त्यावर सांडू नयेत म्हणून लांबच लांब कठडा. भल्लासाहेब माझे मुख्य. ते म्हणाले, अगदी परदेशी दिसतंय. जानेवारीत मोठ्या लोकांपुढे मांडायचं आहे. पास झालं तर पुढे हे सगळं स्टेशन माझ्या हाताखाली येईल.

आईला सांगितलं, तर ती म्हणाली की फाटकावर जन्मलेल्या पोरीने दारं बांधावीत यात नवल ते काय. टोमणा तुमच्यासाठी होता, तो जसाच्या तसा पोचवते आहे. सोबत नकाशा आहे. बघा आणि कौतुक करा, दुसरं काही मागत नाही.

रुख्मामामीला नमस्कार. लोभ आहे तेवढा ठेवा, वाढवलात तर बोलणीही वाढतील.
आपली भाची,
दुर्गेश्वरी


सौंदड,
२५ नोव्हेंबर २०१२

चि. दुर्गेश्वरी हिस परसराममामाचे अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, कारण दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईच्या जत्रा सुरू झाल्या आणि तुझी मामी एकही सोडत नाही. नकाशा पोचला. रुख्माने तो चार दिवस पोळपाटाखाली घातला होता, तरी रेघा शाबूत आहेत.

तुझा बगीचा बकऱ्यांना फार आवडेल. माणसांचं मला सांगता येत नाही. नकाशात माणसांनी कुठे जावं ते सगळं लिहिलं आहे, पण ती येतात कुठून ते कुठेच दिसलं नाही.

यंदाच्या आपल्या मंडईचं ऐक. सरपंच यादोरावने शाळेमागे सिमेंटचे वीस ओटे बांधले, एका रांगेत, वर आकडे टाकून. सकाळी ऊसवाले आले, शिंगाडेवाल्या आल्या, ओट्यांकडे पाहून छान आहेत म्हणाल्या आणि नेहमीसारख्या बोरिंगच्या हापशाजवळ धुळीत जाऊन बसल्या. गाडीतून उतरणारा पाहुणा बोरिंगवरूनच गावात शिरतो, मग त्यांनी शाळेमागे कोणाला विकायचं? ओट्यांवर दिवसभर कुत्री झोपली. दुसऱ्या दिवशी यादोरावच्याच बायकोने तिथे धान वाळत घातलं.

एकतीस वर्षं रेल्वेचा गेटमन होतो. मी एवढंच शिकलो की माणूस आपल्या कामाच्या वाटेने जातो. फाटक लावलं तरी खालून वाकून जातो आणि जाताना गेटमनला शिव्या देतो. तू त्या चौकात एक दिवस नुसती बस. तोंडं बघू नको, पाय बघ.

आता टोमण्याचं. शहाऐंशी साली तुझी आई राजकुमारी बाळंतपणाला माहेरी आली होती. कळा सुरू झाल्या म्हणून साकोलीच्या दवाखान्याला बैलगाडी निघाली आणि माझंच फाटक लागलं. तेव्हा छोटी लाईन होती, गाडी म्हशीच्या चालीने यायची. तुझी आई बैलगाडीतून ओरडली, "भाऊ, काऊन नाही उघडून राहिला?" मी म्हटलं, "गाडी गेल्याबिगर फाटक नाही उघडत, बाई." तिने हात पुढे केला होता. माझ्या हातात हिरवी झेंडी होती. गाडी जाईपर्यंत तू फाटकाशेजारच्या माझ्या गुमटीत, खाटेवर जन्मलीस. नियम बरोबर होता, हे मी आजही सांगेन. पण त्या हाताचं मला अजून लागून आहे.

पत्राचा राग आला तर दोन दिवस जेवू नको, मग उत्तर लिही.
तुझा मामा,
परसराम


नवी दिल्ली,
९ डिसेंबर २०१२

ती. स्व. मामांस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

राग आला. जेवले मात्र दोन्ही वेळा. आठवडाभर मी मनातल्या मनात तुम्हाला उत्तरं देत होते, की हे सौंदड नाही आणि हे ओटे नाहीत. मग काल शनिवारी फक्त तुम्हाला खोटं पाडायला म्हणून चौकात गेले.

चौकाच्या एका बाजूला माझ्या बगीच्याची जागा आहे. समोरच्या बाजूला एक अरुंद गल्ली आहे, तिच्या तोंडाशी नंदलाल नावाचे म्हातारे किल्ल्या बनवतात. त्यांनी बसायला स्टूल दिलं. सकाळी सातपासून पाय बघितले. दूधवाले, शाळेची पोरं, फुलांच्या पाट्या, कचेरीतले बाबू, सगळे त्या गल्लीतून बाहेर पडतात. रस्त्याच्या मध्ये कठडा आहे, त्याची एक सळई वाकवून ठेवली आहे आणि अख्खी दिल्ली त्या भोकातून पलीकडे जाते. एका आजीबाईंनी फुलकोबीचं पोतं माझ्या हातात दिलं, कठड्यावर चढल्या, पलीकडे उतरल्या आणि मग पोतं मागितलं. जणू मला तिथे त्यासाठीच नेमलं होतं.

नंदलालजींनी विचारलं, दरवाजा कुठे येणार. मी समोर बोट दाखवलं. ते शांतपणे म्हणाले, "बेटी, दरवाज़ा उधर, हम इधर. फिर चाबी कौन बनवाएगा?" रात्री नकाशा काढून पाहिला. त्यात ती गल्लीच नाही, मामा. तिथे कागद कोरा आहे. मीच तो कोरा ठेवला होता आणि पलीकडे कारंजं काढत बसले होते.

आता मी काय करू? माझं दार चुकलं असं मीच सांगितलं, तर भल्लासाहेब स्टेशनचं काम तिलककडे देतील. तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो आणि आत्तापासूनच माझ्याशी फार गोड बोलतो आहे. गप्प राहिले तर पाच-सहा वर्षं कोणाला काही कळणार नाही आणि तोवर मी मोठी झालेली असेन. घाबरले आहे, हे तुम्हालाच लिहिते. आईला सांगू नका.

लवकर लिहा. टपालावर माझा जीव टांगला आहे.
आपली,
दुर्गेश्वरी


सौंदड,
१७ डिसेंबर २०१२

चि. दुर्गेश्वरीस अनेक आशीर्वाद.

नव्व्याण्णव साली छोटी लाईन जाऊन मोठी आली. माझं घड्याळ मात्र छोट्या लाईनचंच राहिलं. एकदा मी हिरवी झेंडी दाखवली आणि मागे वळलो तर फाटकाची एक बाजू उघडीच, बिसरामची बैलजोडी रुळांवर उभी. मी लाल झेंडी घेऊन गाडीच्या तोंडावर पळालो. गाडी थांबली. साहेबाने विचारलं, चूक कोणाची? बिसरामवर ढकलता आलं असतं, तो बिचारा काही बोललाही नसता. मी माझं नाव लिहून दिलं. मेमो मिळाला, बढती गेली. बैल वाचले.

आपण चुकून हिरवी दाखवली तर लालही आपणच दाखवायची. दुसरा कोणी पळत येत नाही.

घाबरलीस ते बरं आहे, मीही पळताना घाबरलो होतो. मामी म्हणते, तिलकला शिंगाड्याचे लाडू पाठवायचे नाहीत.
तुझा,
परसराममामा


नवी दिल्ली,
१९ जानेवारी २०१३

ती. स्व. मामांस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

पळाले. भर बैठकीत उभी राहिले आणि चार नंबरचं दार चुकीच्या जागी आहे, ते मीच ठेवलं आहे, असं सांगितलं. भल्लासाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग मी दुसरा कागद पसरला. दार गल्लीच्या तोंडाशी, जिना रुंद, कठडा नाही, वर छप्पर आणि छपराखाली नंदलालजी व फुलवाल्यांना बसायला मोकळी जागा. रस्ता कोणी ओलांडायचाच नाही, खालून जायचं. पोतं आपापलं धरायचं.

दार पास झालं. स्टेशन तिलककडे गेलं. माझ्याकडे एवढं एकच दार उरलं आहे. बाहेर आल्यावर भल्लासाहेब म्हणाले की पुढच्या वेळी आधी बसायचं, मग काढायचं. मी घरी येऊन खूप रडले, मामा. वाईट वाटलं, ते लपवत नाही. पण झोप छान लागली.

दार उघडेल तेव्हा तुम्ही यायचं, आईला घेऊन. तोवर कानांनी नाही तरी गुडघ्यांनी राजीनामा देऊ नये.
आपली,
दुर्गेश्वरी


सौंदड,
२ डिसेंबर २०१८

चि. दुर्गेश्वरीस परसराममामाचे अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं भाऊबहीण दिल्लीहून सुखरूप पोचलो. तू ऑफिसला गेल्यावर तुझी आई आणि मी आणखी एकदा तुझ्या दाराशी गेलो होतो. तिथे जे झालं ते तुला सांगितलं नाही, कारण राजकुमारी सांगू देईना. आता कागदावर तिचा हात पोचत नाही.

दार झकास आहे. मी तीनदा खाली उतरलो, तीनदा वर आलो, कोणी काऊन म्हणून विचारलं नाही. नंदलाल छपराखाली बसले आहेत. त्यांनी माझ्या जुन्या पेटीची किल्ली करून दिली आणि मी तुझा मामा हे कळल्यावर चहा पाजला. फुलवाल्या पायरीवर पाय पसरून बसतात, ते शिस्तीला धरून नाही, पण चालायचं.

मग एक स्टेशन जाऊन परत आलो. बाहेर पडताना ते आपोआप मिटणारं फाटक आहे ना, राजकुमारी टोकन टाकून पटकन पलीकडे गेली. माझं टोकन हरवू नये म्हणून मी इतकं जपून ठेवलं होतं की सापडेना. कोट झाला, बंडी झाली, रुमाल झाला. मागे रांग लागली, लोक ओरडत असतील, मला काय ऐकू येतं. शेवटी शिपाई आपलं कार्ड घेऊन उघडायला धावला, तर तुझ्या आईने त्याला हाताने थांबवलं. माझ्याकडे बघून ती काहीतरी बोलली. कान गेले आहेत, पण ते वाक्य मी ओठांवरून ओळखलं.

"गाडी गेल्याबिगर फाटक नाही उघडत, भाऊ."

बत्तीस वर्षं तिने ते जपून ठेवलं होतं. मी उभा राहिलो. नियम म्हणजे नियम. मागच्या गाडीची माणसं शेजारच्या फाटकांतून निघून गेली आणि मग टोकन माझ्या चष्म्याच्या डबीत सापडलं. फाटक उघडलं.

राजकुमारीने पलीकडून हात पुढे केला. या खेपेला माझ्या हातात काही नव्हतं.
तुझा मामा,
परसराम