टॉफी ओढायला दोघं लागतात

प्रिय नेस्टा,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू ते दारातच फाडलं असशील. आपल्याकडे पत्र येतं ते वाढदिवसाचं, नाहीतर कुणीतरी गेल्याचं. तसं काही नाही, बाबा आहे. आत्ता पुढच्या खोलीत बसून रेडिओवरच्या बाईला नावं ठेवतोय. तिची वेल्श म्हणे कार्डिफच्या दुकानातून विकत आणलेली आहे. पण फोन असतो त्याच्या खुर्चीपाशी, आणि डोळे गेल्यापासून त्याचे कान असे तयार झालेत की मी वरच्या खोलीत कुजबुजले तरी खालून हाक येते, "कोणाची निंदा चाललीय गं?" मोबाइलला या डोंगरात कधी रेंज मिळाली आहे? म्हणून पोस्टात टाकतेय. ॲबर्डीनला पोचायला दोन दिवस लागतील असं काउंटरवरची मुलगी म्हणते. तेवढे चालतील.

ऑक्टोबरात एक दिवस बाबा एकदम म्हणाला, "यंदा टॉफीची रात्र आपल्या घरी." मी भांडी घासत होते, तशीच ओल्या हातांनी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. मधुमेहाने बाबाचा पाय कापावा लागला तेव्हापासून आपल्या घरी ती झालीच नाही, तुला माहीत आहे. ज्या घरात साखरेचा डबा कपाटाच्या वरच्या फळीवरून थेट शेजारी दिलिसमावशीकडे गेला, त्या घरात टॉफी कसली ओढणार? तेव्हापासून ती रात्र दिलिसकडे होते, आणि टॉफी ओतायची ती दगडी फरशीही आपण तिलाच देऊन टाकली. बाबाने लग्नाच्या वर्षी खाणीतून निवडून आणून स्वतः तासलेली फरशी! नाताळच्या आदल्या रात्री तिच्या घरातून गाणी ऐकू यायची आणि हा म्हणायचा, मला गर्दी आवडत नाही, भोपळ्याचं सूप आण. सूप तसंच निवायचं.

तू दहा-अकरा वर्षांची असतानाची रात्र आठवते का? चॅपलमधली सगळी माणसं आपल्या स्वयंपाकघरात, चुलीवर काकवी आणि लोण्याचा पाक रटरटतोय, आणि हातांना लोणी फासून सगळे जोड्या करून उभे. गरम पाक फरशीवर ओतला की कडा आत वळवायच्या, आणि हाताला सोसेल तेवढा निवला रे निवला की एकाने एक टोक धरायचं, दुसऱ्याने दुसरं, ओढायचं, दुमडायचं, पुन्हा ओढायचं, काळ्याचा सोनेरी होईपर्यंत. तुझी जोडी नेहमी बाबाशी. तू दमून सोडून द्यायचीस आणि तो ओरडायचा, "सोडलंस की संपलं! दगड झाला की मग हातोड्याने फोडत बस!" लग्नाच्या मुली थंड पाण्यात पाकाचा थेंब टाकून त्याच्या आकारात होणाऱ्या नवऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर बघायच्या. तूही हट्टाने टाकलास, आणि दिलिस वाकून बघून म्हणाली, "अगं बाई, हे अक्षर कुठलं, हे तर बदक आहे. नेस्टाला बदक मिळणार!" तू रडलीस. बाबाने ते बदक उचलून तोंडात टाकलं आणि म्हणाला, जावई संपला. मग पहाटेच्या अंधारात आपण सगळे चिकट हातांनी चॅपलमध्ये गायला गेलो होतो.

तर मी ठरवलं, बिनसाखरेची करायची, आणि दिलिसकडून ती फरशी परत आणली. खालच्या गावातल्या दुकानात साखरेऐवजी घालायची पांढरी पूड मिळाली. पहिला घाणा दिसायला झकास झाला, पण ओढायला घेतला तर हातात त्याची वाळू झाली. तोंडात टाकली की जीभ गार पडते, बर्फ चाटल्यासारखी. बाबाने एक खडा चघळून विचारलं, "एअरवेन, ही टॉफी आहे की दात घासायची पूड?" दुसऱ्यांदा दुकानदाराने दुसरं काहीतरी दिलं, माल्टिटॉल की कायसंसं. त्याचा पाक होतो म्हणाला, आणि झालाही. पण मी माझ्या आईच्या शिकवणीप्रमाणे रंगाकडे बघत बसले. आपल्याकडे पाकाला थर्मामीटर लावणाऱ्या बाईला सगळे हसतात ना, रंग आणि वास यांवर जिचा हात बसला तीच खरी. आता या मेल्याला रंगच येत नाही हे मला कोण सांगणार? साखर जळायला लागते तशी ही पूड जळत नाही. मी आता सोनेरी होईल, मग होईल म्हणून ढवळत राहिले, तोवर लोणी करपलं आणि घरभर धूर. दिलिस धावत आली, हातात बादली घेऊन! बाबा आतून ओरडतोय, "कोण पेटलंय, चॅपल की बायको?" तेव्हा खूप दिवसांनी आम्ही तिघं पोट धरून हसलो.

मग दिलिसने आपल्या मुलाचा थर्मामीटर आणून दिला. लाज वाटली, पण लावला. तिसरा घाणा बराच जमला. चॅपलचे कारभारी हिउ रॉबर्ट्स सहज म्हणून आले आणि फुकट ते पौष्टिक या न्यायाने पाच-सहा तुकडे खाऊन गेले. ही पूड जास्त खाल्ली तर जुलाब होतात हे पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं आम्ही नंतर वाचलं. रविवारी प्रार्थना चालू असताना ते उठून गेले ते परत आलेच नाहीत. बाबाला सांगितलं तर आनंदाने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

चौथ्या घाण्याला तो अडून बसला, मीच ओढणार. दिलिसची बोटं संधिवाताने वाकडी झालीत, माझ्या समोर उभं राहायला दुसरं कोण होतं? मी त्याची चाकाची खुर्ची फरशीजवळ आणली, त्याच्या तळव्यांना लोणी चोळलं. काय सांगू नेस्टा, डोळे नाहीत, पाय नाही, पण ते हात अजून पाटीचे दगड चिरणाऱ्याचेच. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. मी एक टोक धरलं, गरम लागलं म्हणून सोडलं, तो मात्र दोन्ही टोकं धरून ओढतच राहिला. हसत होता. "बघ कशी येतेय, बघ! नेस्टा असती तर आत्तापर्यंत पळाली असती." मला वाटलं त्याची कातडी माझ्यापेक्षा जाड. काम झाल्यावर हात धुवायला घेतले तेव्हा दोन्ही तळव्यांवर फोड. त्याला कळलंच नव्हतं. या आजाराने बोटांतली जाण कधीच गेली होती आणि त्याने मला सांगितलं नव्हतं. मी पाण्याखाली ते हात धरून उभी राहिले आणि तो विचारत होता, "गप्प का झालीस? बिघडली का?" मी म्हटलं, नाही, छान झालीय.

पट्टी बदलायला रिआन यायची, तुझ्या वर्गातली ती लाल केसांची, आता नर्स झालीय. तिने बाबाचा सुजलेला चेहरा बघितला आणि रक्त तपासायला नेलं. मग बँगरच्या इस्पितळात दोन दिवस. तुला फोनवर नेहमीची तपासणी म्हणून सांगितलं होतं तेच ते. डॉक्टर खाटेपाशी येऊन बोलायला लागले तर बाबाने हात वर करून थांबवलं. म्हणाला, "जे काय असेल ते हिला सांगा. मला जाणून घ्यायचं नाही. मला नाताळात टॉफी खायचीय, बस्स." डॉक्टर तरुण होते, त्यांनी हातातला कागद मिटला. मग बाहेर व्हरांड्यात त्यांनी सांगितलं की मूत्रपिंडं आता चालत नाहीत, आणि यंत्रावर रक्त धुवायचं तर हृदयाला ते झेपणार नाही. घरी न्या म्हणाले. मी विचारलं, पथ्य कसं ठेवू? ते नुसते माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले. मला तेव्हाही कळलं नाही, इतकी मी वेडी. घरी येऊन पाचवा घाणा चढवला.

परवा रिआन आली तेव्हा मी मोठ्या कौतुकाने तिला तुकडा दिला. तिने खाल्ला, छान झालीय म्हणाली. मग दारापर्यंत गेली आणि परत वळली. हळूच म्हणाली, "एअरवेनमावशी, आता बिनसाखरेची कशाला? खरी करून दे ना त्याला. काकवी घाल, साखर घाल, त्याला हवं ते सगळं दे." सोळा वर्षं या घरात मी साखरेवर पोलिसासारखी नजर ठेवली, नेस्टा. त्याच्या खिशातून बिस्किटं काढली, त्याच्याशी भांडले, एका केकच्या तुकड्यासाठी आठवडाभर अबोला धरला. आणि आता ती पोर मला सांगते, दे. ती गेल्यावर मी स्वयंपाकघराचं दार लावून तोंडात फडकं कोंबून रडले, कारण पलीकडे ते कान होते.

तर आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. तू तेवीस डिसेंबरला येणार आहेस, तिकीट काढलंयस. रिआनने डॉक्टरांना विचारून सांगितलं, नाताळ धरून चालू नका. येत्या शनिवारी टॉफीची रात्र करायची असं मी आणि दिलिसने ठरवलंय. चॅपलच्या लोकांना सांगितलंय, बाबाला कारण सांगितलंय की नाताळात दिलिस मुलाकडे जाणार आहे. तू शिकवतेस त्या शाळेत खरं ते सांग, पण इथे फोन करून म्हण की शाळेचा बॉयलर फुटला म्हणून लवकर सुट्टी मिळाली. स्कॉटलंडला चार शिव्या घालायला मिळाल्या की तो जास्त विचारणार नाही. त्याच्यासोबत टॉफी तू ओढ, पाक निवेपर्यंत मी त्याच्या खुर्चीमागे उभी राहून त्याचे हात धरेन. या वेळी डब्यात खरी साखर आहे, काकवीही आहे, आणि रंग येईल. पहिला तुकडा तोंडात गेल्याबरोबर त्याला फरक कळेल, आणि मी खरी साखर का दिली हेही कळेल, जे त्याला जाणून घ्यायचं नाही. त्याने विचारलं तर माझं खोटं त्या कानांना लगेच ओळखू येईल. म्हणून तू बोल. तू सांग, "नाही बाबा, बिनसाखरेचीच आहे. आईला अखेर जमली."

शनिवारकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच
आई