सायबाला न चालणारं पाणी

१२ मार्च १९९६, मंगळवार

डोकं अजून तापलेलंच आहे. जावयांनी हौसेनं, ते नोकरी करतात तो केजजवळचा दारूचा छोटा कारखाना दाखवायला नेलं. तिथल्या सायबांनी जिन आणि व्होडका घोट-घोट चाखायला दिली. जिनला धुपासारखा वास, व्होडकाला कसलाच नाही. घसा जळाला म्हणून कुंपणापलीकडच्या विहिरीचं पाणी मागितलं, तर सायब हसले. "काका, ते नको. आपलं मळीचं पाणी मुरतं त्यात. आमच्या पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या पुण्याहून येतात."

लेकीची सगळी वस्ती त्याच विहिरीवर आहे. नातीच्या अंगावरचे चट्टे आम्ही उन्हाळ्याचे समजत होतो.

घरी येऊन लेकीला विचारलं, "सुमन, हे पाणी काहून पिता गं?"

भाकरी थापता थापता म्हणाली, "आमाला काय ठावं न्हाई व्हय, बाबा? पण ह्यांची नोकरी तिथंच हाय. बोलावं कुणी?"

जावई मान खाली घालून जेवत राहिले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

पण त्यांना कशाला बोल लावू? पाण्याचं ऐकल्यावरसुद्धा निघताना सायबांनी विचारलं, "काका, कशी वाटली आमची जिन?" आणि मी, हात जोडून, "लई झकास" म्हणून आलो.